तिसऱ्या पायरीचा ठसा

लोअर परळ
५ जानेवारी २०२५

ती. माया आत्यास,
सविनय जय भीम वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण पोस्टातून रिटायर झाल्यापासून मोठी बातमी पाकिटातूनच आली पाहिजे असा तू कायदा केलायस, म्हणून हे पत्र. आत्या, आपल्या चाळीचं पुस्तक होतंय! हाताने छापलेलं, हाताने शिवलेलं, तीसच प्रती. कविता तीन जणांच्या, आणि ठसे काढणार मी आणि माझ्या गाळ्यातला जोडीदार निलेश.

आणि ठसे कशाचे, सांग बघू? जिन्याचे! चाळ रिकामी झाली, पुढच्या महिन्यात पाडणार. मुकादमाच्या मागे लागून लागून मी जिन्याच्या चार सागवानी फळ्या सोडवून आणल्या. फळीवर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासायचं, की लाकडाची रेघ न् रेघ कागदावर येते. आनंदाने मला जेवण जात नाहीये.

पायऱ्या चार आणि कविता तीन. चौथी तुझी. आजी गेल्यापासून तू एक ओळ लिहिलेली नाहीस, माहीत आहे मला. बाबा म्हणाले, आत्याला छेडू नकोस. मी छेडणार. आपल्या चाळीचं पुस्तक आणि त्यात तू नाहीस, हे मला अजिबात चालणार नाही.

रागावलीस तर पत्रातूनच रागाव. माया नावातच आहे, तेवढी माझ्यावर राहू दे.

तुझी,
सीमा


शिवडी
९ जानेवारी २०२५

चि. सीमास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

येडे, ज्या जिन्यावरून गडगडून तुझ्या बापाने पुढचे दोन दात घालवले, त्याला शाई फासणार? फास बाई, त्याला तेच पाहिजे. मी तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले, तेव्हा कुणी मला कलाकार म्हणालं नाही ते! पण पत्र तीनदा वाचलं, खोटं कशाला बोलू. शेजारच्या रमाबाईंनाही वाचून दाखवलं.

कवितेचं मात्र जमायचं नाही. बाय, म्हणजे तुझी आजी, हॉस्पिटलात होती तेव्हा साथीमुळे आत कुणालाच सोडत नव्हते. सात दिवस मी गेटवर उभी. तिचं शेवटचं तोंडसुद्धा बघितलं नाही. तेव्हापासून कागद पुढ्यात घेतला की ते गेटच दिसतं आणि पेन तिथंच अडतं. नाटकं नाही करत गं. एक ओळ तरी यावी म्हणून माझाच जीव तुटतो.

ठसा निघाला की एक पाठव. गुडघे चार मजले उतरू देत नाहीत, नाहीतर येऊन उभीच राहिले असते. जेवत जा वेळेवर.

तुझी,
माया आत्या


लोअर परळ
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम वि. वि.

निघाला! आत्या, काय निघालाय गं! कागद उचलला आणि निलेश एवढ्याने ओरडला की बाजूच्या गाळ्यातले लोक धावत आले, त्यांना वाटलं कुणाचा हात मशीनमध्ये गेला. खिळ्यांची डोकी, लाकडाच्या गाठी, एका कोपऱ्यात कुणीतरी चाकूने कोरलेला बाण, सगळं उमटलंय. तिघा कवींनी तिथल्या तिथे आपापली पायरी धरून ठेवली.

खालून तिसरी तेवढी दगा देतेय. भिंतीकडच्या बाजूला फळी खोलगट झालीय, ताटाएवढी. रूळ त्यावरून तसाच पुढे जातो, शाई लागतच नाही, आणि ठशात तिथे पांढरं भगदाड. निलेश म्हणाला, रंधा मारून सपाट करू. शनिवारी दुपारी कुशाबा सुतार यायचे आहेत. तोवर हा बिघडलेला ठसा तुला पाठवतेय, बघून हस.

तुझ्यासाठी पायरी धरून ठेवलीय हीच. नाही म्हणू नकोस, निदान इतक्यात तरी.

तुझी हट्टी,
सीमा


शिवडी
२० जानेवारी २०२५

चि. सीमास,
आशीर्वाद आणि जय भीम.

परवा तुझ्या गाळ्यात येऊन मी जो तमाशा केला, त्याबद्दल कुशाबांची माफी माग. बिचारे रंधा हातात घेऊन उभे, आणि मी येऊन सरळ फळीवर बसले. पण करणार काय? सकाळी अकराला टपाल आलं, पाकीट फोडलं, ते पांढरं बघितलं आणि लगेच फोन घेतला हातात. तुला सात फोन केले. तू उचलशील तर शपथ. मग गुडघे गेले खड्ड्यात म्हटलं आणि उतरले चार मजले. टॅक्सीवाल्याला इतकं पळवलं की शेवटी त्यानेच विचारलं, मावशी, घरी कुणाचं काही बरंवाईट?

तिथं सगळ्यांदेखत रडले म्हणून धड काही सांगता आलं नाही, ते आता सांगते. भिंतीकडून कुणी चढत नाही, पाय पडतात ते मधोमध. ती फळी पायांनी नाही झिजली. आमच्या खोलीत आम्ही चौघं भावंडं पुस्तकं पसरून बसायचो. तेव्हा बाय तांदूळ निवडायचं सूप घेऊन तिसऱ्या पायरीवर जाऊन बसायची, दिवेलागणीपासून आमचा अभ्यास संपेपर्यंत. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळे शिकून निघाले, तोवर वीसेक वर्षं. मी परवा बसले, तर बरोबर तिच्याच जागेत बसले. अंगाला कळलं माझ्या.

काल दुपारी कागद घेतला. गेट नाही दिसलं गं, जिना दिसला. आणि हे आलं. अक्षर लावून घे.

आमच्या खोलीत जागा चौघांची,
आम्ही पाच.
बाय म्हणाली, मला बाहेर वारा बरा लागतो.
जिन्यात वारा कधीच नव्हता.

आणखी काय लिहू? आनंदाने वेडी झालेय मी. अजितला फोन करून ऐकवली, तर म्हणाला, आई, तू ठीक आहेस ना!

तुझीच,
आत्या


लोअर परळ
२३ जानेवारी २०२५

ती. लाडक्या आत्यास,
जय भीम, जय भीम, जय भीम!

कविता मी गाळ्यात मोठ्याने वाचली. मग निलेशने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. म्हणाला, मी हिला रंधा मारायला निघालो होतो. बाबांना वाचून दाखवली तर ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आता ऐक. कविता त्या पांढऱ्या जागेत बसवून पाहिली. आत्या, चारही ओळी बरोब्बर मावतात! सोबत नमुना पाठवतेय. रविवारी, दोन तारखेला, तीसही प्रती छापायच्या. तुझा होकार आला की ओळी तिथे पक्क्या.

वाट बघतेय.

तुझी,
सीमा


शिवडी
२७ जानेवारी २०२५

चि. सीमास,
खूप खूप आशीर्वाद आणि जय भीम.

नमुना मिळाला. दिसतो सुंदर, यात वाद नाही. दोन दिवस भिंतीला लावून बघत बसले. रविवारी मी येतेय, अजित उचलून आणणार आहे. पहिल्या प्रतीला रूळ मीच फिरवणार, निलेशला आत्ताच सांगून ठेव, मागाहून कुरकुर नको. सगळ्यांसाठी शेवेचे लाडू आणते.

पण ओळी तिथे नको. खाली छाप, पायरीच्या कडेला, बारीक अक्षरात. तुम्हाला ती जागा मोकळी वाटली, त्यात तुमची चूक नाही. मला मात्र तिथं बाय बसलेली दिसते. आयुष्यभर ती आमच्यासाठी जागा सोडून उठत राहिली. माझ्या कवितेसाठी मी तिला परत उठवणार नाही.

तुझी,
माया आत्या