प्यूबाईंकडचा ऑगस्टचा आठवडा

क्लिफर्ड,

सुट्टीला कुठलंही कॉटेज चालेल म्हणालास आणि मी सुचवलेल्या तिन्हींत खोट काढलीस. शेवटी दरवर्षीच्या कॉटेजवाल्या प्यूबाईंनाच फोन केला. आपला ऑगस्टचा आठवडा त्यांनी अजून राखून ठेवलाय. ‘यंदाही सहा बिछाने ना?’ म्हणाल्या. आई गेल्याचं त्यांना ठाऊक नाही. मी ‘हो, सहाच’ म्हटलं नि भांडी घासायला लागले. रडूबिडू आलं नाही.

इथे ॲबरडीनला मी बरी आहे. बाबा नीट जेवतात का? ते येणार नसतील तर मीही जाणार नाही. आई-बाबांची ती बागेकडची खोली त्यांना नको वाटत असेल, तर माझी घ्या म्हणावं. पण तू स्वतः विचार, बायकोला पुढे करू नकोस. तोवर पक्कं केलं नाही, तर शनिवारी प्यूबाई आठवडा दुसऱ्यांना देतील. बाबा येणार की नाही, शुक्रवारच्या आत कळव.

तुझी ताई,
हिल्डा