दार उघडं ठेवायची अट

२९ ऑक्टोबर २०२५, बुधवार

दिली खोली! सहा नंबरची, दर बुधवारी चार ते सहा, आजपासूनच. आता माघार नाही.

अर्पिता विचारायला आली तेव्हा मला वाटलं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास असेल. मागच्या गल्लीतली पोरगी, इथल्याच कॉलेजात शिकते. म्हटलं, माझ्या लॉजवर मुलं-मुली एकत्र बसणार तर दार उघडं ठेवायचं. ही माझी अट. ती हसली. "उमाकाकू, अभ्यास न्हाय. आमच्यातली काही मुलं गे आहेत. मुलांना मुलंच आवडतेत, काही मुलींना मुली. त्यांना मोकळं बोलायला जागा न्हाय कुठं. आम्ही बाकीचे सोबतीला बसतो."

मी किल्ल्यांचा जुडगा चाळत बसले. असलं टीव्हीवर पाहिलेलं, आपल्या जिन्यावर नाही. मग दिली. मोठं मन वगैरे काही नाही — बुधवारी लॉज रिकामाच असतो. मंगळवार नाहीतर शुक्रवार, देवीचा वार, मागितला असता तर सख्ख्या भावालाही दिली नसती.

३० ऑक्टोबर

काल दाराबाहेर आठ जोड चपला. आतून इतकं हसू येत होतं की चहाच्या निमित्तानं दोनदा डोकावले. रडणं-बिडणं असेल असं वाटलं होतं. ही पोरं तर भेंड्या लावत होती!

त्यातला दिग्विजय आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचा. फार्मसीचं शेवटचं वर्ष, वडिलांचं धान्याचं दुकान. न सांगता सगळे कप विसळून ठेवले त्यानं. अर्पिता हळूच म्हणाली, "त्याच्या घरी माहीत न्हाय, काकू. कळलं तर शिक्षण बंद. दुकानात बसवतेत आन् वर्षाच्या आत लगीन." मी कशाला कुणाला सांगते?

२ नोव्हेंबर

पोरांच्या मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही. अख्ख्या तुळजापुरात असं मंडळ हे एकच असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

जन्म तुळजापुरात गेला आणि पौर्णिमा विसरले! बुधवार म्हणून खोली देऊन बसले, इकडं सकाळपासून सोलापूरच्या गाड्यांवर गाड्या.

चारला पोरं बसली. दार उघडं — माझीच अट. बाहेर चपला. आता पौर्णिमेला या गावात उघड्या दारापुढं चपला दिसल्या की बाहेरचा माणूस काय समजणार? आत प्रसाद आहे! मी पाण्याचा टँकर बघून वर येते तर सहा नंबरात पंधरा-वीस यात्रेकरू मळवट भरून पंगतीला बसलेले. अर्पिता खुणावत होती, पण दिग्विजय मान खाली घालून बोलतच होता. हॉस्टेलच्या पोरांना त्याचं कळलंय. त्याची गादी व्हरांड्यात टाकली त्यांनी. चार दिवस मित्राच्या खोलीत फरशीवर झोपतोय.

मग त्यानं वर बघितलं. चेहराच उतरला पोराचा.

एक माणूस उठला. "असलं ऐकायला आलो व्हय आपण?" म्हणत दोघा-तिघांना घेऊन गेला. बाकीचे हलले नाहीत — प्रसाद राहिला होता ना! अक्कलकोटकडच्या एक आजी, सिताबाई, दिग्विजयला म्हणाल्या, "आमच्या गल्लीत बी हाय बग एक तुज्यासारका. पेटी लई झ्याक वाजवतोय. त्याच्याबिगर आमचं भजन हुईना. तू जेवलास का न्हाय?"

पौर्णिमेच्या दिवशी पंगतीला बसलेल्या माणसाला उपाशी उठवायचं? खाली पळाले आणि दीड किलो रव्याचा शिरा केला. दिग्विजयनंच वाढला. सिताबाईंनी दोनदा मागून घेतला.

६ नोव्हेंबर

समोरच्या कुंकवाच्या दुकानातले गौरीशंकर सकाळीच हजर. "वहिनी, तुमच्या वरच्या मजल्यावर काय चालतंय म्हणे?"

म्हटलं, "शिरा चालतो. तुम्हीही या बुधवारी."

आल्या पावली दुकानात परतले. दिवसभर मी स्वतःवरच खूश होते.

७ नोव्हेंबर

कसलं खूश आणि कसलं काय. परवा उठून गेलेला तो माणूस वाशीचाच निघाला. दिग्विजयच्या वडिलांचं जुनं गिऱ्हाईक. ऐकलं तेवढं सगळं जाऊन सांगितलं. वडिलांचा फोन आला: "रविवारी टेम्पो घेऊन येतो. त्या लॉजपाशी थांब." बाकी एक शब्द नाही.

पोरगं माझ्या पायरीवर बसून होतं, अर्पिता शेजारी. दार उघडं ठेवायला लावलं मी, पौर्णिमा विसरले मी, आणि शिक्षण सुटणार त्याचं. फार वाईट वाटतंय. तसं त्याला म्हटलं तर तोच मला सांगतो, "काकू, तुम्ही काय केलं न्हाय. आज न्हाय उद्या कळणारच हुतं." माझ्या निम्म्या वयाच्या पोरानं माझी समजूत घालायची!

८ नोव्हेंबर

त्याच्या वडिलांशी काय बोलायचं ते लिहून काढलं. तीनदा खोडलं. एवढं एक वर्ष पुरं करू द्या, असं म्हणून आधी हात जोडायचे. नाहीच ऐकलं तर जिन्यात आडवं उभं राहायचं. माझ्या अंगापिंडाला ते सहज जमेल.

सगळी पोरं सकाळीच येणार आहेत. म्हटलं, भांडायचं नाही. अर्पिता म्हणते, "भांडत न्हाय. नुसतं टेम्पोपुढं बसतो."

९ नोव्हेंबर, रविवार

टेम्पो आला. भरून आला. लोखंडी कॉट, गादी, टेबलफॅन, ज्वारीच्या पिठाचा डबा. मी हात जोडले आणि काल लिहिलेलं आठवू लागले. त्याचे वडील कॉटची दोरी सोडत, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "फरशीवर झोपतंय म्हनं पोरगं. महिन्याच्या भाड्यानं एखादी खोली मिळंल का त्याला?"