साच्याबाहेरची बुरशी

३ नोव्हेंबर, सोमवार
आज कामाला लागले. लई बरं वाटलं. नववीत शाळा सुटली तवापासून आबांच्या मेंढरांमागंच होते. आता राहायला आत्याकडं अन् चिकलठाण्याच्या कारखान्यात पंख्याखाली काम! मालकीण योगिनी मॅडमनी सगळं दाखवलं. कापसाच्या पऱ्हाटीच्या भुशात बुरशीचं बियाणं कालवायचं, साच्यात दाबायचं, अंधाऱ्या उबदार खोलीत ठेवायचं. बुरशी भुसा खात वाढती, आठ दिवसांत थर्माकोलवाणी खोकं तयार. मातीत पुरलं का गायब. पुढं हिच्यापासून जखमेवरची पट्टी बी करायचीय म्हणं. मी नुसती मान हलवली. सरूमावशी इथली जुनी. ती म्हणली, मॅडम, मेंढकी मागवली होती, हे तर मेंढरूच आलं. सगळे हसले. मी बी.

६ नोव्हेंबर
उभं राहून कंबर धरली. भुसा चाळताना चाळणीच्या पत्र्यानं डावा तळहात चिरला. रक्त थांबंना. मॅडमला सांगावं तर धांदरट म्हणून घरी पाठवतील. मेंढी कातरताना चिरली का आबा कोळ्याचं जाळं लावतेत, लगीच थांबतं. इथं जाळं कुठलं? साच्याच्या कडंला तसंच पांढरं होतं. चिमटीभर घेतलं, लावलं, वर हातमोजा. थांबलं.

९ नोव्हेंबर
सुट्टी. दिवसभर झोपले तरी थकवा जाईना. जखम दिसतच नाय. वर मऊ पांढरं आलंय, कोकराच्या लोकरीवाणी. सुई टोचली. काय कळलं नाय.

११ नोव्हेंबर
साबणानं घासलं. ब्लेडनं खरवडलं. सकाळी दुप्पट. मनगटापर्यंत. बोटं वाकंनात. हात गेला तर? उद्या सांगणार. नक्की.

१२ नोव्हेंबर
सांगितलं. म्हणजे हातमोजा काढला फक्त. वाटलं, रागावतील. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. जित्या कातडीवर टिकली, म्हणल्या, दोन वर्षं टिकत नव्हती! लई फोटो काढले. मला दवाखान्यात न्या म्हणायचं होतं. त्यांनी विचारलं, दोनच दिवस राहू दे ना गं, रतन? मी खाली बघितलं. त्या म्हणल्या, गुणाची पोर.

१४ नोव्हेंबर
साच्यांच्या खोलीत बसवलंय. ऊब लई, झोप येती. मॅडमनी आत्याला फोन केला म्हणं, पोरीचं ट्रेनिंग हाय. खांद्यापर्यंत आलं. मी नको म्हणले — मनात.

१५
मानेवरून तोंडावर चढलं, उजवा हात तेवढा मोकळा — दाराच्या फटीतल्या उजेडात लिहिते — आज मोठ्यानं म्हणणार, काढा हे, मला घरी —

दार उघडलं. सरूमावशी. साच्यांवर पाणी फवारत आली. माझ्यावर बी फवारलं. पुढं गेली —

ओरडले. खरंच ओरडले. सरूमावशे!

थांबली. मागं फिरली. आता एकेका साच्याला कान लावून बघतीय, आवाज कोणत्या —