टँकरवाला आणि माझी गोळी

११ एप्रिल, लातूर
टँकर आला, पाणी मिळालं. टँकरवाला माधव, मुदखेडचा. आज सरळच विचारलं त्यानं, "लगीन करता का?" मीही सरळ सांगितलं. नवरा एड्सनं गेला, मलाही एचआयव्ही आहे, रोज गोळी घेते. वाटलं, आता टँकर दुसऱ्या गल्लीला नेईल.

१३ एप्रिल
आला. आमच्याच गल्लीत. म्हणतो, "मला लागू नये म्हणून काय काय करता येतंय, इचारून येऊ. दोघं." आई ओट्यावरच होती. नंतर म्हणाली, पोरगं कामाचं दिसतंय.

१८ एप्रिल
लातुरात सगळे ओळखीचे. म्हणून नांदेडच्या दवाखान्यात, समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडं. मॅडम एकेक उपाय सांगायला लागल्या, तर माधव बैलबाजारात आल्यासारखा, "यातलं भारी कोणतं?"
निरोध चांगला, बाकीचे गुप्तरोगही टळतात. पण दर वेळी हवा. "एकदा चालतंय" म्हटलं की बोंबललं.
माझी गोळी रोज, न चुकता. रक्तातला विषाणू दबून राहिला की त्याला लागायची भीती जवळजवळ जाते. पण तपासून बघायचं, अंदाजानं नाही.
त्यानं आधीपासून घ्यायचीही गोळी असते म्हणे. आपल्याकडं अजून सहज मिळत नाही.
सुंता केली तर पुरुषाचा धोका कमी होतो, जात नाही.
माधवनं सगळं बोटांवर मोजलं. मग, "निरोध वापरतो. अन् सुंताबी करतो."
मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "सुंतेची घाई नाही. आधी बाईंचं रक्त तपासू."
तो हिरमुसला का सुटला, कळलं नाही.
येताना बसमध्ये उदगीर जिल्हा होणार का, यावर पुढच्या सीटवरच्या दोघांची जुंपलेली. माधव हळूच म्हणाला, "जिल्हा होईल तवा होईल. आपलं बघा."

२ मे
मॅडमचा फोन. विषाणू दबलेला आहे. ब्लाऊज शिवत होते, बाही उलटी लागली. उसवताना रडू आलं, चांगलं रडू.
माधवला सांगितलं. "म्हंजे बरं हाय?"
"बरं हाय. पण मला भ्या वाटतंय, निरोध राहू द्या."
"राहू द्या की. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?"

७ मे
आज त्याची आई मला बघायला येणार. लग्नाचं त्यानं घरी सांगितलंय, आजाराचं नाही. मी म्हटलं, लपवून मी त्या घरात यायची नाही. तो म्हणाला, "मग आपण दोघं मिळून सांगू." इथवर एकमत.
माझी आई म्हणते, त्यांना आधी पोहे खाऊ दे, मग सांगा. मला वाटतं आधी सांगावं, मग पोहे.
कांदा चिरायचा राहिलाय अजून...