पेटीचं तोंड दक्षिणेला

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! कंबरेचा पार भुगा झालाय, पण मन खूष आहे. जीपच्या मागच्या सीटवर मी, माझी बॅग आणि मांडीवर सॅटेलाइटची पेटी. ड्रायव्हर म्हणाला की बाई, लेकरू घेतल्यासारखी धरलीय तुम्ही. म्हटलं, लेकरापेक्षा नाजूक आहे. लेकरू पडलं तर रडतं तरी, ही पडली तर गप्पच होते.

केंद्र म्हणजे तीन खोल्या आणि एक गच्ची. खिंडीच्या माथ्यावर पाऊस-वारा मोजायचा आणि खालच्या ऑफिसला कळवायचा, एवढंच काम. केबल गेल्या वर्षी दरडीखाली तुटली ती जोडलीच नाही, म्हणून आधी एक साहेब आणि आता मी आणि ही पेटी. राखणदाराला सगळे मामा म्हणतात. साठीचा माणूस, बोलणं मोजकं, चहा मात्र पातेलंभर. माझी खोली त्यांनी झाडून ठेवली होती. खिडकीतून समोर नुसतं आभाळ.

मामांनी इथला नियम सांगितला. सोमवारी जीप वर येते. रोज सकाळी नऊच्या आत मामा खाली वळणापर्यंत जाऊन रस्ता बघून येतात. रस्ता बंद असेल तरच कळवायचं. निरोप नाही म्हणजे रस्ता चालू. मी म्हटलं, हे उलटं नाही का? मामा म्हणाले, तीस वर्षं असंच चाललंय.

लेकीला, ठमीला, फोन करायला इथे रेंज नाही; रेंज वळणाच्या खालीच संपते. उद्या पेटी लागली की पहिलं तिला लिहीन.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पेटी लागली. सकाळचे तीन तास गेले, पण लागली.

आधी फोन खाली स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर ठेवून आले. जवळ फोन असला की होकायंत्राचा काटा भरकटतो, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो आणि मरेपर्यंत पाळतो. मग गच्चीवर पेटी उघडली. झाकण हाच तिचा अँटेना. तोंड दक्षिणेला, कोन बत्तीस. हळूहळू फिरवायचं आणि ऐकायचं. आधी टक… टक… असं सावकाश, मग घाईघाईनं, आणि उपग्रह बरोबर समोर आला की एकच लांब सूर. तो सूर ऐकला की आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. खालच्या खोलीपर्यंत वायर सोडली, कॉम्प्युटरला जोडली, पिन टाकला. सिग्नलच्या पाचपैकी चार काड्या.

आमच्यात अजून एक पद्धत आहे. जाताना गच्चीवर रंगानं बाण काढायचा आणि तारीख घालायची, म्हणजे पुढच्या माणसाला दिशा शोधत बसावं लागत नाही. इथे माझ्या आधीच्या साहेबांचे बाण आहेत. एक दक्षिणेचा, तो बरोबर. पण नंतरचे चार-पाच सरकत सरकत पूर्वेला आणि शेवटचा थेट उत्तरेला, बिनतारखेचा. उत्तरेला उतार आणि उताराच्या पलीकडे डोंगराची भिंत. तिकडे आभाळच नाही, तर उपग्रह कुठला! साहेब संध्याकाळचे घेत असणार.

चाचणीचा पहिला मेल ह्यांच्या पत्त्यावर पाठवला. ‘पोचले. लाइन चालू.’ वीस वर्षांची सवय. प्रत्येक ठिकाणाहून पहिला मेल ह्यांना, आणि ह्यांचं एका शब्दाचं उत्तर, ‘पोचला.’ दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन, तरी तो पत्ता मी बंद केलेला नाही. पाठवते. उत्तर येत नाही. लाइन चालू आहे एवढं कळतं.

दुसरा ठमीला. तिचं लगेच उत्तर आलं, जेवलीस का म्हणून. एकोणीस वर्षांची झाली आणि आता तीच माझी आई झालीय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक विचित्रच झालं. सकाळी वारा सुटला म्हणून पेटी उचलून आडोशाला न्यायला गेले. हातात असताना ती आपोआप टकटकायला लागली. फिरता फिरता तोंड उत्तरेला झालं आणि तो लांब सूर. मी डोंगराच्या भिंतीकडे बघत उभी. पेटी तशीच टेकवून खाली जाऊन पाहिलं तर पाच काड्या. पाच कधीच मिळत नाहीत.

आणि एक मेल. ह्यांच्या पत्त्यावरून. १०:१२. ‘पोचला.’

मी खुर्चीत बसले ती बसलेच. मग डोकं चालवलं. ह्यांच्या मेलचा पासवर्ड ठमीला माहीत आहे. पेटी परत दक्षिणेला लावली आणि तिला विचारलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

ठमीचं उत्तर. मी असली थट्टा करीन असं तुला वाटलंच कसं, असं लिहिलंय. पुढे काहीच नाही. चुकलंच माझं. माफी मागितली.

मग उगाच, फक्त बघायचं म्हणून, पेटी उत्तरेला फिरवली. १०:१९. ‘काम चाललंय का?’

मामांना विचारलं की आधीचे साहेब कसे होते. मामा बराच वेळ पातेलं घासत राहिले. म्हणाले, भला माणूस होता, आई गेली होती त्याची. एका सकाळी घरातल्या चपलांवरच उतारावर गेला. चपला सापडल्या. ऑफिसनं ‘काम सोडून गेले’ असं लिहिलं. मग म्हणाले, ताई, पेटीचं तोंड दक्षिणेला असू द्या. माझीही माणसं गेलीत, मी तिकडे कान देत नाही, म्हणून टिकलोय.

१० नोव्हेंबर, रविवार

१०:२०. ‘फोन उचल गं.’

या वेळा मला पाठ आहेत. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. ते गेले त्या दिवशी मी अशाच एका गच्चीवर होते. फोन जीपमध्ये ठेवला होता, होकायंत्रासाठी. सूर काही लागेना, मीही हट्टाला पेटले होते. खाली आले तेव्हा अकरा मिस्ड कॉल होते. पहिला १०:१२, दुसरा १०:१९, तिसरा १०:२०, शेवटचा ११:४०. घरात एकटेच होते. डॉक्टर म्हणाले की तासाभरात कुणी आलं असतं तर. नुसतं ‘तर’ म्हणाले, आणि मी ते वाक्य दोन वर्षं पुरं करतेय.

ठमीनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

जीप आली. भाजी, रॉकेल, ठमीनं पाठवलेला स्वेटर. ड्रायव्हर म्हणाला, पोरगी खाली स्टँडवर येऊन देऊन गेली, वर यायचं का विचारत होती. म्हटलं, परीक्षा झाल्यावर ये म्हणावं.

चौथा मेल १०:३१. ‘जरा पाणी पिऊन येतो.’ त्या दिवशी ह्यांच्या हाताशी पेला होता. अर्धा भरलेला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवसातून एक मेल. तो फक्त उत्तरेला. ठमीचे आणि ऑफिसचे फक्त दक्षिणेला. पेटी एकच आहे, दोन्हीकडे तोंड करत नाही. सकाळी उत्तरेला, संध्याकाळी पाच मिनिटं दक्षिणेला, असं मी ठरवलंय.

काल मी त्यांना उत्तर लिहिलं. कुठे आहात म्हणून. आज आलं. ‘उतारावर. इथे रेंज चांगली आहे.’

वाचून हसले. मग किती वेळ रडले, माहीत नाही. हा असला विनोद दुसरं कुणी करूच शकत नाही. ते हेच आहेत.

भीती वाटतेच. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी आहे आणि ते मला उठू देत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

‘ठमी कशी आहे?’

दोन पानं लिहिली. तिचं कॉलेज, तिनं कापलेले केस, ती माझ्याशी कमी बोलते ते. स्वेटरचं. वर यायचं म्हणत होती तेही. सगळं लिहिलं.

काल आणि आज पेटी दक्षिणेला फिरवलीच नाही. फिरवताना इकडचा सूर तुटला आणि परत लागलाच नाही तर? आकडे सोमवारी एकदम पाठवीन. ऑफिसला पत्ताही लागणार नाही.

मामांनी आज चहा दाराबाहेर ठेवला. आत आले नाहीत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

‘तिला किती दिवसांत बघितलं नाही.’

गच्चीवर शेवटच्या बाणाशेजारी मी माझा बाण काढलाय. का काढला, सांगता येणार नाही. हात चालला. तारीख घातली नाही.

ठमीला लिहायचं आहे. उद्या —

१७ नोव्हेंबर, रविवार

‘उद्या तरी उचल.’

उद्या अकरावा, शेवटचा. ११:४०. उद्या मी पेटीपासून हलणार नाही. मागच्या वेळी तीन तास हलले नव्हते, तेही पेटीसाठीच. या वेळी ह्यांच्यासाठी.

पाऊस धरलाय सकाळपासून. जेवले नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

८:५०. मामा भिजून आले. वळणावरची माती सरकतेय, दगड सुटलेत, ‘बंद’ कळवा म्हणाले, आत्ताच्या आत्ता. मी लगेच पाठवलं. ‘रस्ता बंद. जीप सोडू नका.’ पाच काड्या. ‘पाठवला’ अशी खूणही आली. मामांना दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण मान हलवून गेले.

१०:०५. काही नाही. वाट बघतेय.

११:२०. खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.

११:४०. आला.

‘रस्ता बंद असं का कळवलंस? ठमी तर येतेय.’

ह्यांना कसं — तो मेल ऑफिसला — ह्यांना कसा —

उत्तरेला. पेटी उत्तरेला होती. मी पाठवला तेव्हा तोंड उत्तरेला होतं.

१८, दुपार

पेटी दक्षिणेला लावली. सूर लागायला वीस मिनिटं. फोन खिशातच होता, काटा भरकटत होता, मला कळतच नव्हतं. शेवटी फोन भिरकावून दिला.

ठमीचे मेल. मोजले. अकरा.

आई, तुझं काहीच नाही आलं. आई, बरी आहेस ना. आई, रागावलीस का माझ्यावर, मी नीट बोलत नाही म्हणून. परीक्षा गेली खड्ड्यात, सोमवारी येतेय मी. जीपमध्ये बसले. ड्रायव्हर काका म्हणतात वरून निरोप नाही म्हणजे रस्ता चालू. आई, चालू आहे ना? एवढं कळव.

शेवटचा ११:३८. ‘वळण दिसतंय.’

मामा पळालेत खाली. मीही धावले, अर्ध्या वाटेवर माती. मामांनी मला मागे ढकललं.

१८, संध्याकाळ

मामा आले. जीपचा वरचा कठडा दिसतो म्हणे, तेवढाच. खालून माणसं खणतायत.

निरोप मी पाठवला होता. पाठवला होता मी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खणायचं थांबवलंय. माती अजून येतेय.

मामा पेटी फोडायला निघाले होते. दगड उचलला होता. मी मध्ये पडले. द्या म्हणाले ताई, हात जोडतो. मी दिली नाही. एवढा म्हातारा माणूस रडला माझ्यासमोर.

मला माहीत आहे तोंड कुठे करायचं. बाणाची गरज नाही. होकायंत्राची नाही.

लांब सूर. पाच काड्या.

१०:१२. ह्यांच्या पत्त्यावरून नाही. ठमीच्या.

‘आई, पोचले.’

उत्तर लिहिलं. आले म्हणून लिहिलं. मामा दारात आडवे उभे आहेत. मागच्या दारानं जाईन, उतार तिकडूनच जवळ. बूट कुठे — राहू देत, चपला आहेत. फोन शोधला गच्चीवर, काच फुटलीय पण चालतोय. या वेळी तो हातातच ठेवलाय. वाजला की लगेच —

वाजतो —