आमच्या दोघांचा तोल

४ सप्टेंबर
आलो बाई एकदाचे! बोटीत पाय ठेवला आणि पहिल्याच मिनिटाला डोकं छताला आपटलं. लेक फोनवर म्हणाली, तुमच्या वयाचे लोक गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतात आणि तुम्ही घर मोडून शिडाची बोट घेता. मी म्हटलं, गुडघे शाबूत आहेत तोवर जगून घेऊ दे की. आमचे हे तर डोलकाठीला असे गोंजारत होते, जशी नवी नवरीच आणलीय. माझ्या वेळी एवढं कौतुक झालेलं मला तरी आठवत नाही.

घर म्हणजे एकच केबिन. पुढच्या टोकाला तिरपा पलंग, मधे टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाक, एका भांड्याची शेगडी आणि तांब्याभर पाणी मावेल असं बेसिन. बोट पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधलेली आहे. किनारा समोरच दिसतो, पण जायचं तर छोटी होडी वल्हवत जायचं. संध्याकाळी दोघं डेकवर बसलो. यांनी माझा हात धरला. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, मला वाटतं.

११ सप्टेंबर
इथला एक कायदा शिकले. हे उजव्या बाकावर बसले की बोट उजवीकडे कलते, मी डाव्या बाकावर बसले की सरळ होते. तेव्हा जेवायचं ते समोरासमोरच. परवा शिडाची दोरी मी उलटी गुंडाळली म्हणून हे ओरडले, मग मी फुगून यांच्याच बाकावर पाठ करून बसले. तर टेबलावरचे सगळे बटाटे गडगडत आमच्या मांडीत! दोघांना हसू आवरेना. म्हणजे रुसायचीही सोय राहिली नाही.

आता मी डोळे मिटून सांगते हे कुठे आहेत ते. मागे गेले, पुढे आले, वाकून काहीतरी शोधताहेत. सगळं पायाखालून कळतं.

२० सप्टेंबर
यांना किनाऱ्यावरच्या यार्डात काम मिळालं, बोटींची दुरुस्ती आणि रंगकाम. सकाळी होडी घेऊन जातात, संध्याकाळी येतात. अगदी खूश आहेत.

मी दिवसभर एकटी. इथला उन्हाळी हंगाम संपला म्हणून आसपासच्या बोटी ओढून किनाऱ्यावर नेल्या. आता सगळीकडे नुसते रिकामे बोये. बाकावर बसावं तर बोट कलते आणि चहा बशीत सांडतो. म्हणून मी मधल्या पायरीवर ताटली घेऊन जेवते, परक्याच्या घरी आल्यासारखी. लेकीला फोन केला, ती घाईत होती. रेडिओवरचा हवामानाचा अंदाजसुद्धा पूर्ण ऐकते, कोणीतरी बोलतंय म्हणून. आज भांडी घासता घासता रडू आलं. यांना सांगितलं नाही. एवढी हौस आहे त्यांना.

२७ सप्टेंबर
आज सवयीने माझ्या बाकावर जाऊन बसले. अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं की बोट सरळ आहे. समोर पाहिलं, कोणी नाही. उठून उभी राहिले तर बोट हळूच उजवीकडे कलली. बसले, पुन्हा सरळ.

घाबरायला हवं होतं, नाही का? पण खरं सांगते, बरं वाटलं. यांना सांगितलं तर म्हणाले, टाकीतलं पाणी एका बाजूला गेलं असेल. असेल बाई.

५ ऑक्टोबर
मी त्यांना पाहुणे म्हणते. यांची होडी लांब गेली की मी टेबलाशी बसते आणि पाहुणे समोर येतात. कपसुद्धा ठेवते त्यांच्यासमोर. लेकीचं, जुन्या घराचं, सगळं सांगते. मधेच पेपर तोंडापुढे धरत नाहीत, एवढा तरी गुण आहे. दिवस बरा जातो.

हे मात्र फार दमून येतात. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. रोज दोन अंडी जास्तीची घालते, पण अंगी लागेल तर शपथ.

१२ ऑक्टोबर
मी तांदूळ धूत होते. यांनी मागून हाक मारली तेव्हा मी दचकलेच. बोटीवर कधी चढले ते पायांना कळलंच नाही. बाकावर बसले. बोट हलली नाही.

यार्डात साखळदंड तोलायचा काटा आहे. गंमत म्हणून त्यावर उभे राहिले होते म्हणे. काटा जागचा हलला नाही. यार्डवाला म्हणाला, बिघडलाय. हेही हसत होते. मी हसले नाही.

१५ ऑक्टोबर
कळलं मला. पाहुण्यांची बाजू रोज थोडी जास्त खाली जाते. ते वजन कुठून येतंय ते कळलं. यांच्याच जागेवर मी त्यांना बसवलं. मीच. चहा देऊन.

सकाळी यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता किनाऱ्यावर चला, परत यायचं नाही. माझा चेहरा बघून काही न विचारता निघाले. होडीत पाय ठेवला तर होडी दबलीच नाही. वाऱ्याचा झोत आला आणि हे — मी कॉलर धरली म्हणून. नाहीतर उडून गेलेच होते.

यार्डवाल्याला फोन केला. म्हणाला, या वाऱ्यात मोठी बोट काढता येणार नाही. उद्या वारा पडला की येतो.

१६ ऑक्टोबर, सकाळ
यांच्या कमरेला दोरी बांधून केबिनच्या खांबाला बांधलंय. म्हणाले, धुणं वाळत घातलंस की काय माझं. त्याही स्थितीत चेष्टा! हात धरून बसलेय. बाहीत काही आहे असं वाटत नाही. समोरच्या बाकाला मोठ्याने सांगितलं — निघा आता. ही जागा यांची आहे. माझा नवरा आहे हा.

बोट आणखी कलली.

दुपार
केबिनच्या दाराची झडप बंद करायला वळले. तेवढंच.
गाठ तशीच. दोरीत शर्ट —
अहो. अहो, कुठे —

समोरच्या बाकावरून हाक आली. अगदी यांच्या आवाजात. अगं, बस ना. आणि देवा, मला आधी आनंदच झाला. मी ओ दिली.

तिथे कोणी नाही.

उजव्या खिडकीपर्यंत पाणी आलंय. बोट उलटेल. मी माझ्या बाकावर बसले. सरळ झाली. उठले की कलते. म्हणून बसूनच —

वारा पडला. इंजिनाचा आवाज येतोय, यार्डवाला असेल. येतोय. बसूनच राहायचं. तो येईपर्यंत फक्त —

पुन्हा उजवीकडे. हळूहळू. मी उठले नाहीये. टेबल घट्ट धरलंय. तरी माझी बाजू वर येतेय. मी जागची हलले नाहीये, मी तर —