दादासाठी लिव्हर

३ फेब्रु., मंगळवार
दादाच्या लिव्हरमध्ये गाठ. कॅन्सर. एकच आहे, तीन सेंटीमीटरची. मी डॉ.ना म्हटलं, एवढीशी आहे तर काढून टाका ना. म्हणाले, "गाठीचं बघता आलं असतं. पण बाकीचं लिव्हर सिरॉसिसनं पार कामातून गेलंय. ऑपरेशन, कॅन्सरची औषधं, त्याला काहीच झेपणार नाही. लिव्हर बदलणं, तेवढा एकच मार्ग."
नाहीतर?
"नाहीतर त्रास कमी ठेवायचा."
दादानं कधी दारूला हात लावला नाही. पोट सुटलं म्हणून दिवाळीत आम्ही त्याला चिडवलं. ते पाणी होतं.

५ फेब्रु., गुरु.
कारण हिपॅटायटिस बी. हा व्हायरस रक्तात कधीपासून होता, कुणालाच माहीत नाही. ज्योतीवहिनी दादाच्या तळोज्याच्या कंपनीला शिव्या देत होती, केमिकलनं झालं म्हणून. मग रिपोर्टच परत परत वाचत बसली.
लिव्हरचा तुकडा घरातल्या कुणीतरी द्यायचा. वहिनीचा ग्रुप जुळत नाही, त्यांना मूलबाळ नाही, आईचं वय झालेलं. राहिले मी. माझा नि दादाचा एकच ग्रुप, ओ. टेस्टना रक्त देऊन तशीच शाळेच्या ऑफिसला. दाखल्यांचं काम तुंबलंय.

९ फेब्रु., सोम.
हॉस्पिटलचा फोन. "येऊन भेटा."
मलाही हिपॅटायटिस बी आहे.
डॉ. बोलत होते, मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. माझं लिव्हर अजून शाबूत आहे. पण द्यायला चालणार नाही. मग म्हणाले, "आईंची कधी टेस्ट झालीय?" जन्माच्या वेळी आईकडून मुलाला जातो म्हणे.
सई. माझी सई चौदा वर्षांची. पुढे ते काय बोलले, ऐकूच आलं नाही.

११ फेब्रु.
सई निगेटिव्ह. तिचा बाबा सुधीरही. बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.
आईला सांगितलेलं नाही. रोज विचारते, "तुझं जुळलं का गं?" टेस्ट चालू आहेत म्हटलं. खोटं.

१४ फेब्रु.
दादा ॲडमिट. सकाळी वहिनीला ओळखेना, शर्टाच्या बाहीत पाय घालत होता. लिव्हरचं विष मेंदूत चढतं. औषधानं दुपारी शुद्धीवर आला.
जेवताना सुधीर म्हणाला, "माझा पण ओ आहे." काय म्हणतोय ते आधी कळलंच नाही. दादाशी ह्याचं बोलणं क्रिकेटपुरतं.
"मी विचारून आलोय. बहिणीचा नवरा, त्यामुळे कमिटीची परवानगी लागते. टेस्ट सुरू केल्या."
मला न विचारता. सोळा वर्षं संसार करतेय मी ह्या माणसाबरोबर.

१८ फेब्रु.
सुधीरच्या सगळ्या टेस्ट नीट. आई आलीय उलव्याला आमच्याकडे. सुधीर देणार ऐकून म्हणाली,
"जावयाकडून काही घेऊ नाही. आपन त्याचं काळीज कापून घ्यायचं?" मग माझ्याकडे बघून, "तुझं का चालत नाही?"
सांगितलं. सगळं. वाटलं रडेल.
"म्हंजी माझ्यापासूनच आलं," एवढंच म्हणाली. आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते.

२० फेब्रु., शुक्र.
दादाला सांगितलं. "दाजींना म्हणावं..." पुढे झोप लागली.
पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन आहे. ते उतरलं तरच पुढचं. कमिटी सोमवारी.
हॉस्पिटलनं एक फॉर्म दिलाय, देणाऱ्याच्या बायकोची संमती. सुधीरनं पेन पुढे केलं. दादा वाचायला हवा. सुधीरला चिरायला आत नेऊ नये. दोन्ही माझंच मन म्हणतंय.
"देते उद्या," म्हटलं. त्यानं पेन खिशाला लावलं.
वहिनीचा दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही.